लांबीचा भाव

भूसंपादन कार्यालयात तिला सगळे भावबाई म्हणत. हुद्दा मूल्यांकन अधिकारी असा भारदस्त होता, पण सरकार ज्याची जमीन घेणार त्याला तिचा काय भाव मिळावा हे ती ठरवायची, म्हणून भावबाई. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते बसलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट तीच म्हणायची, बाकीचे लोक भाव खातात, मी ठरवते.

कामाची रीत ठरलेली होती. आसपास तशाच जमिनीचे अलीकडचे व्यवहार बघायचे, त्यांची सरासरी काढायची, झाडं, विहीर, बांधकाम असेल तर त्याची किंमत मिळवायची आणि वर कायद्याने सांगितलेली भर घालायची. अशा रीतीने तिने शेतांचे, गोदामांचे, एका बंद गिरणीचे, एवढंच काय, एका कुस्तीच्या आखाड्याचेही भाव काढले होते. काम तिला आवडायचं, कारण प्रत्येक जमिनीमागे कुणीतरी काहीतरी करत असायचं आणि ते काय करतात हे विचारायचा तिला हक्क होता. नुसत्या चौकशीखोर बाईला लोक दारात उभं करत नाहीत. पण सरकारी कामाने आलेल्या चौकशीखोर बाईला खुर्ची देतात.

नव्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याची फाईल तिच्याकडे आली तेव्हा एका नकाशापाशी ती थबकली. सगळ्या जमिनी जमिनींसारख्या होत्या, पण ही एक रेघेसारखी होती. रुंदी दोन खोल्यांएवढी आणि लांबी अर्ध्या किलोमीटरला थोडी कमी. नवा रस्ता त्या रेघेला जवळजवळ मध्यावर आडवा कापून जाणार होता. घ्यायचा तुकडा इतकासा होता की दरपत्रकाप्रमाणे आलेल्या रकमेत एखादी बरी सायकल आली असती. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला की हे तर चहा पिता पिता उरकण्यासारखं आहे.

तिला मात्र राहवेना. जमिनी तिरक्या असतात, वाटण्या होऊन होऊन त्यांच्या चिंध्या झालेल्या असतात, हे तिला माहीत होतं. पण इतकी लांबडी जमीन कुणी मुद्दाम कशाला बाळगेल? रस्ता म्हणावा तर ती कुठेच जात नव्हती. कालवा म्हणावा तर पाण्याचा पत्ता नव्हता. आधी येऊन गेलेल्या मोजणीदाराने उपयोगाच्या रकान्यात 'पडीक' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बस धरून त्या प्रश्नचिन्हाच्या मागे गेली.

वेल्डिंगची दुकानं, टायरच्या थप्प्या, लाकडाची वखार, असं करत करत रस्ता संपला तिथे पत्र्याची एक शेड होती. शेडच्या मागच्या दारातून ती रेघ सुरू होत होती. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मधे तुडवून तुडवून फरशीसारखी झालेली माती, आणि थोड्या थोड्या अंतरावर कमरेएवढे लाकडी टेकू, नजर पोचेल तिथपर्यंत. पलीकडच्या टोकाला कुणीतरी होतं. बाई की पुरुष ते कळत नव्हतं, पण ती व्यक्ती पाठमोरी असूनही जवळ येत होती, म्हणजे उलटी चालत होती.

बाईच निघाली. साठीची, उंच, कमरेभोवती तंतूंचा पुंजका गुंडाळलेली. त्या पुंजक्यातून बोटांनी तंतू सोडत ती मागे मागे येत होती आणि तिच्यासमोर सुताची लांबच लांब ओळ तयार होत होती. शेडपाशी पोचल्यावर तिने सूत खुंटीला अडकवलं, वळून पाहिलं आणि म्हणाली, "रस्त्याच्या ना तुम्ही? बसा. खुर्ची जरा पुसून घ्या, तंतू साडीला चिकटतात."

आसपासचे सगळे तिला ताई म्हणत, तेव्हा भावबाईही ताई म्हणाली. ताई दोर वळायची. वडील वळायचे, त्यांच्या वडिलांनी ही जागा त्यासाठीच घेतली होती, आणि तीही अशी चिंचोळी मिळाली म्हणून नाही, तर अशीच हवी होती म्हणून. दोर जेवढा लांब हवा त्याच्या जवळपास दीडपट जागा सरळ रेषेत लागते. कारण आधी सुताला पीळ, मग सुतांच्या पेडाला पीळ, मग तीन पेडांचा मिळून उलटा पीळ, आणि प्रत्येक पिळाबरोबर सगळं आखडत जातं.

"पीळ लांबी खातो," ताई म्हणाली. "माणसांचंही तेच आहे. पीळ वाढला की माणूस आखूड होतो."

भावबाईने विचारलं की प्रत्यक्ष बघायला मिळेल का. ताई जणू कुणी हे विचारायची वाटच बघत होती. एका तंबूवाल्याचा लहान दोर वळायचा होताच. तीन पेड टेकूंवरून ताणलेले होते. अलीकडे हाताने फिरवायचं चाक आणि त्याला पेड अडकवायचे तीन आकडे, पलीकडे दगड ठेवून जड केलेला एक गाडा. ताईच्या मदतीला येणाऱ्या शेजारणीने चाक फिरवलं तसे पेड आवळत गेले आणि दगडांचा तो गाडा कुणी हात न लावता इंच इंच पुढे सरकू लागला. मग ताईने पेरूएवढा एक लाकडी गोटा आणला. त्याला तीन खाचा होत्या. एकेका खाचेत एकेक पेड बसवला, गोटा हातात धरला आणि चालू लागली. गोट्याच्या पुढे तीन वेगळे पेड, आणि मागे एकसंध दोर. त्याचा बारीक चरचर आवाज येत होता. भावबाई तिच्या बाजूने चालत गेली आणि सबंध दोर पुरा होईपर्यंत आपण इथे कशासाठी आलो हे विसरली.

मग तिने कामाचा प्रश्न विचारला. रस्त्याने मधला तुकडा घेतला तर?

"तर दोन अर्ध्या जागा राहतील, आणि अर्ध्या जागेत अर्धा दोर होतो."

"दोन अर्धे जोडता येणार नाहीत का?"

"गाठ मारली तर कप्पीत अडकते. पेड उकलून एकमेकांत गुंफले तर जोड जाड होतो, तोही कप्पीत अडकतो. ज्याला अख्खा हवा असतो त्याला अख्खाच हवा असतो. नाहीतर तो माझ्याकडे कशाला येईल? बाजारात नायलॉन ढीगभर मिळतं."

एवढ्यात शेडसमोर एक छोटी गाडी येऊन थांबली. तिच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती. ताईचा धाकटा भाऊ गाडी चालवायला शिकवायचा आणि वडिलांनी ही जागा दोघांच्या नावावर केली होती. धाकट्याने भावबाईला नमस्कार केला, तिला थोडं बाजूला घेतलं आणि पाठ केल्यासारखं बोलला. मधला तुकडा गेला की सगळी जागा मातीमोल होणार. तेव्हा भाव सगळ्या जागेचा, आणि तोही दुकानाच्या गाळ्याच्या दराने मिळाला पाहिजे. इथे महिन्याला एक तरी पूर्ण लांबीचा दोर होतो. ताई साधी आहे, तिच्या बोलण्यावर जाऊ नका.

ताई साधी आहे असं भावबाईला अजिबात वाटलं नव्हतं. तिने ताईकडे पाहून विचारलं की पूर्ण लांबीचा शेवटचा दोर कुणी नेला. ताईने भावाकडे पाहिलं, मग चाकाच्या दांड्यावरची धूळ उगाच पुसली आणि म्हणाली, "तराफेवाल्याने." कधी, ते सांगितलं नाही. धाकट्याने लगेच विषय बदलला.

निघताना तो बसथांब्यापर्यंत सोडायला आला. पाठ केलेलं सगळं बोलून झालं होतं, त्यामुळे आता तो नीट बोलला. जन्मभर ही उलटी चालतेय, म्हणाला. गुडघे गेलेत. मी सांगितलं तर ऐकत नाही, जागाच गेली तर थांबेल तरी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या घराण्यावरूनच म्हणत असावेत. भावबाई हसली. हा माणूस खोटं बोलतोय हे तिला कळलं होतं, पण ते लोभापायी नाही हेही कळलं.

पुढच्या दिवशी ती नदीवर गेली. पात्र रुंद होतं आणि संथ. एका काठावरून दुसऱ्या काठावर दोर ताणला होता, त्यावरच्या कप्प्यांना सपाट तराफा बांधलेला होता आणि एक धिप्पाड म्हातारा दोर हाताने ओढत ओढत तराफा पलीकडे नेत होता. तराफ्यावर दोन दुचाकी, एक भाजीची हातगाडी आणि शाळेच्या मास्तरीणबाई होत्या. भावबाई भाडं देऊन चढली आणि पलीकडे जाऊन परत त्याच तराफ्याने आली, म्हणजे त्याच्याशी बोलायला वेळ मिळाला.

दोर चार-पाच वर्षं टिकतो, तराफेवाला म्हणाला. मधे कुठे पेड फुटला तर सगळाच बदलावा लागतो. ताईच्या हातचा दोर त्याला अंधारातही ओळखू यायचा. नायलॉनही त्याने लावून पाहिलं होतं, पण ओलं झालं की ते हातातून निसटतं आणि ओढताना रबरासारखं ताणतं, तराफा मधेच डोलत बसतो. आताच्या दोराचं वय झालं होतं. पण नवा सांगायचं त्याने लांबणीवर टाकलं होतं. कारण विचारायची गरज नव्हती. थोड्याच अंतरावर नदीच्या पात्रात पुलाचे खांब उभे होते, अजून वर काही नसलेले.

"ताईच्या जागेचा भाव काढताय," तो म्हणाला. "आणि माझा?"

"तुमची काही जमीन जातेय का रस्त्यात?"

"मी पाण्यावर राहतो. जमीन कुठून आणू?"

कायदा ज्याची जमीन जाते त्याला ओळखायचा. ज्याचं गिऱ्हाईक पुलावरून निघून जातं त्याला ओळखत नव्हता. कार्यालयात परतल्यावर तिने त्याच्याबद्दल वेगळं टिपण लिहून वर पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं, की संबंधित इसमाची कोणतीही जमीन संपादित होत नसल्याने प्रश्न उद्भवत नाही. ती ते उत्तर दोनदा वाचून बसून राहिली. प्रश्न तर उद्भवला होता. तो तिने स्वतः तराफ्यावर उभं राहून ऐकला होता.

ताईच्या जागेचा प्रश्न मात्र तिच्या हातात होता, आणि तो जितका उकलावा तितका गुंतत होता. त्या तुकड्याचाच भाव द्यावा तर अन्याय होता, कारण तुकड्याबरोबर लांबी जात होती. लांबीचा भाव द्यावा तर तो कुठे बघायचा? अर्ध्या किलोमीटरच्या रेघा कुणी विकत घेत नाही. आजवर झालेल्या व्यवहारांत तशी एकही जमीन नव्हती. बाजाराला विचारावं तर बाजार म्हणत होता, ही जागा कुणालाच नको, म्हणजे हिची किंमत काही नाही. पण जिला ती हवी होती ती तर रोज तिथे उलटी चालत होती.

या विचारात ती घरी जेवायला बसली तेव्हा सासूबाई रुसल्या होत्या. त्यांची कवळी सापडत नव्हती आणि भावबाईचा नवरा म्हणत होता की दहा वर्षांची जुनी कवळी, जाऊ दे. सासूबाईंनी भाताची पेज बाजूला सारली.

"जुन्या कवळीला बाजारात कोण विचारतंय ते मलाही कळतं," त्या तोंडाचं बोळकं झालेलं असूनही ठणकावून म्हणाल्या. "पण माझी हरवली तर मला नवीनच करून घ्यावी लागेल ना? का उद्यापासून बाजाराच्या भावाने चावू?"

नवरा हसला, भावबाई हसली नाही. ती हातातला घास तसाच धरून सासूबाईंकडे बघत राहिली, इतकी की त्यांना वाटलं सून चिडली. मग ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. उद्या जाऊ आपण दाताच्या डॉक्टरकडे." कवळी नंतर उशीच्या अभ्र्यात सापडली, पण तोवर तिचं काम होऊन गेलं होतं. ज्या वस्तूला बाजारात भाव नाही तिचा भाव बाजारात शोधायचा नसतो. तशीच दुसरी उभी करायला काय लागेल, ते शोधायचं असतं.

म्हणजे आता तिला दुसरी रेघ शोधायची होती. ही शोधाशोध तिने इतक्या हौसेने केली की कारकून म्हणाला, भावबाई आता दोर वळायला लागणार. तिने बंद पडलेले कालवे पाहिले, पण ते नागमोडी होते. एका शेताच्या बांधाची चौकशी केली, तर तो पाच जणांच्या मालकीचा आणि पाचही जणांचं एकमेकांशी सूत जुळत नव्हतं. शेवटी जुन्या मालधक्क्याच्या मागे तिला हवं ते सापडलं. तिथे पूर्वी मालगाड्या उभ्या करायला एक रूळ टाकलेला होता. रूळ केव्हाच काढून नेले होते आणि खडीचा सरळसोट पट्टा उरला होता. मालधक्क्याचा व्यवस्थापक म्हणाला की हे भाड्याने मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच, आणि भाडं किती सांगावं हे त्यालाच कळेना. त्याने सांगितलेलं भाडं, खडी काढून माती दाबायचा खर्च, शेड, टेकू आणि चाक हलवण्याचा खर्च, आणि त्या काळात ताईचं काम बंद राहील त्याचा मोबदला, असं सगळं तिने मांडलं. मग त्यातून जुन्या जागेच्या उरलेल्या दोन तुकड्यांची किंमत वजा केली, कारण ते तुकडे ताईकडेच राहणार होते आणि शेजारच्या कारखान्यांना गाड्या उभ्या करायला ते हवेच होते.

सुनावणी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. मोठे साहेब निवाडा देणारे, म्हणजे सगळ्यांचं ऐकून रक्कम पक्की करणारे. एका बाजूला रस्त्याचा इंजिनियर, दुसऱ्या बाजूला ताई आणि धाकटा. ताईने कमरेचा पुंजका घरी ठेवला होता, त्यामुळे हातांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. धाकट्याचं लेखी म्हणणं आधीच समोर होतं. साहेबांनी ते वाचलं आणि ताईला विचारलं की महिन्याला एक पूर्ण लांबीचा दोर होतो, हे खरं का.

धाकटा तोंड उघडणार तोच ताई बोलली. "भाऊ माझ्या काळजीने लिहितो, साहेब. पूर्ण लांबीचा दोर चार-पाच वर्षांतून एकदा होतो, तराफ्यासाठी. मधे एकदा सर्कसवाले आले होते, पण त्यांना रंगीत हवा होता."

धाकट्याने मान खाली घातली. इंजिनियर माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या रस्त्याला उशीर होत होता. त्याने हे अलगद उचललं. चार वर्षांतून एक दोर, म्हणाला, आणि गिऱ्हाईक एकच. पूल झाला की तराफा बंद, म्हणजे तेही नाही. मग लांबी गेली म्हणून नेमकं काय गेलं? उरलेल्या अर्ध्या जागेत तंबूचे दोर होतातच.

भावबाईला हा मुद्दा येणार हे माहीत होतं. तराफ्यावरून परत येताना तो तिलाच सुचला होता आणि त्याने तिची दोन दिवस झोप उडवली होती.

"साहेब, एक विचारते," ती म्हणाली. "तराफा बंद कशामुळे होणार? पुलामुळे. पूल कुणाचा? आपला. आपणच माणसाचा पाय मोडायचा आणि मग म्हणायचं, आता याला चपलेची काय गरज, हा न्याय झाला का? याच रस्त्याने आजूबाजूच्या जमिनींचे भाव चढलेत. लोक म्हणतात चढलेला भाव द्या. आपण म्हणतो, नाही, तो आमच्या कामामुळे चढला, आम्ही आधीचा धरणार. मग आमच्या कामामुळे जे पडलं तेही आम्हाला धरता येणार नाही. रस्ता आणि पूल दोन्ही नाहीत असं समजायचं. तसं समजलं तर नदीवर तराफा आहे, त्याचा दोर झिजलाय, आणि त्याला नवा हवाय."

"हे कायद्यात आहे?" साहेबांनी विचारलं.

"चढलेला भाव धरायचा नाही, हे लिहिलेलं आहे. पडलेला धरायचा नाही, हे त्याच वाक्याच्या पाठीवर आहे. उलटून बघावं लागतं."

इंजिनियर म्हणाला की हे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठण्यासारखं झालं. साहेबांनी मात्र तिचा आकडा मागवून घेतला. तो धाकट्याच्या मागणीच्या निम्म्याहून कमी होता आणि इंजिनियरच्या अंदाजाच्या कितीतरी वर. उरलेले तुकडे वजा का केले, हे ताईने स्वतः विचारलं. भावबाईने समजावून सांगितलं की जे तुमच्या हातात राहतं त्याचे पैसे पुन्हा दिले तर तुम्हाला रस्ता आल्याचा फायदा झाला असं होईल. फायदा नाही व्हायचा आणि तोटाही नाही व्हायचा, इतकंच माझं काम. ताईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली की पीळसुद्धा इतकाच द्यायचा असतो, कमी दिला तर सुटतो, जास्त दिला तर वळ्या पडतात.

निवाडा भावबाईच्या आकड्याने झाला. इंजिनियरने वर दाद मागितली नाही. बहुधा दाद मागण्यापेक्षा रस्ता लवकर होणं त्याला स्वस्त पडत असावं.

बाहेर जिन्यात धाकटा ताईला म्हणाला, "तू मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंस."

"तू खोटं लिहिलंस म्हणून. माझे गुडघे दुखतात हे लिहिलं असतंस तर मी हो म्हणाले असते." मग ती त्याचा हात धरून जिना उतरली, कारण गुडघे खरंच दुखत होते.

लोक पैसे मिळाल्यावर काय करतात हे कार्यालय कधी विचारत नाही. फाईल बंद होते आणि कपाटात जाते. ताईने पैसे घेऊन काय केलं असेल, याचा विचार मात्र भावबाईच्या डोक्यातून जाईना. मालधक्क्याचा पट्टा तिने हिशेबासाठी शोधला होता. तिथे जाच अशी सक्ती कुणी केली नव्हती. ताई पैसे वाटून घेऊन घरी स्वस्थ बसू शकत होती, आणि धाकट्याची तर तीच इच्छा होती. पूल सुरू होऊन काही महिने झाले तेव्हा एका रविवारी ती कुणाला न सांगता मालधक्क्यावर गेली.

खडी गेली होती. दाबलेल्या मातीवर टेकू उभे होते आणि पत्र्याच्या शेडखाली ताई चाकाला तेल घालत होती. तिने भावबाईला पाहिलं आणि जणू कालच भेट झाल्यासारखं बोलायला सुरुवात केली. पावसाचं पाणी साचत नाही, मालधक्क्याचा पहारेकरी रात्री लक्ष ठेवतो, फक्त दुपारी ऊन फार. लांब पलीकडच्या टोकाला दगडांच्या गाड्याजवळ एक माणूस होता. तो धाकटा असल्याचं ताईनेच सांगितलं. आठवड्याच्या सुट्टीला येऊन तोच आता उलटा चालतो. पहिल्यांदा आरसा लावून चालायला निघाला होता, गाडीसारखा, म्हणाली. आता नुसता चालतो, फक्त वळताना हात दाखवतो.

भावबाईने तराफेवाल्याचं विचारलं. तो लेकीकडे गेला होता, नदीच्या वरच्या अंगाला. तिथे पूल नव्हता आणि दूरवरच्या गावापर्यंत वळसा घालावा लागायचा, म्हणून तिथे तराफा घालायची परवानगी त्याने मागितली होती. अजून मिळाली नव्हती. मिळेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. पण तिथे पात्र इथल्याहून रुंद होतं.

"म्हणजे दोर त्याच्यासाठी चाललाय?"

"परवानगी मिळाली तर त्याच्यासाठी." ताईने तिन्ही आकडे हलवून पाहिले. "नाही मिळाली तर बघू. खरं सांगायचं तर मला राहवेना. ही जागा आमच्या जुन्या जागेहून लांब आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

भावबाईला माहीत होतं. पट्टा थोडा जास्तच लांब निघाला होता, पण भाडं तेवढंच होतं, म्हणून तिने हिशेबात त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. फायदाही नाही व्हायचा असं तिने भर सुनावणीत सांगितलं होतं. इंजिनियर इथे असता तर त्याने हे नक्की काढलं असतं. ती जरा चाचरली, मग तिने कबूल केलं की हो, माहीत होतं.

ताई टेकूंच्या रांगेकडे बघत होती, जिथे तीन पेड एकमेकांना समांतर थेट टोकापर्यंत ताणलेले होते आणि टोकाशी ते एकच दिसत होते. आमच्या घरात इतका लांब दोर कुणी वळलेला नाही, ती म्हणाली. आजोबांनीही नाही. मधे झोळ पडेल का, गाडा पुरेल का, पेड मधेच फुटेल का, काही सांगता येत नव्हतं. तिने भावबाईला मधल्या टेकूपाशी जाऊन उभं राहायला सांगितलं आणि पेड कुठे खाली घासतो का ते बघायला सांगितलं.

"किती लांब होईल?" भावबाईने जाता जाता विचारलं.

"ते वळल्याशिवाय कसं कळणार?" ताई म्हणाली, आणि पलीकडच्या टोकाला असलेल्या भावाला दिसावा म्हणून तिने हात उंच केला.